रोमन नाणं घ्यायचंय? आधी ते वाचायला शिका

समोर टेबलावर एक छोटं नाणं ठेवलंय. व्यास 17 मिलिमीटर, म्हणजे आपल्या बंद झालेल्या चार आण्याच्या नाण्याहून किंचित लहान. वजन 2.4 ग्रॅम, रंग काळपट हिरवा. एका बाजूला डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ घातलेला तरुण चेहरा. दुसऱ्या बाजूला भाले घेऊन समोरासमोर उभे असलेले दोन सैनिक आणि त्यांच्या मध्ये रोवलेली दोन निशाणं. इंग्लंडमधल्या एका नाण्यांच्या बाजारात मी ते पंधरा पौंडांना घेतलं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘कॉन्स्टंटाइन द ग्रेट’.

घरी येऊन भिंगाखाली धरलं आणि चेहऱ्याभोवतीची अक्षरं एकेक करून लावली. नावापुढे ‘आयव्हीएन एनओबी सी’ असं निघालं. युनिओर, नोबिलिस्सिमुस सीझर. म्हणजे हा थोरला कॉन्स्टंटाइन नव्हेच; हा त्याच्याच नावाचा मुलगा, गादीवर बसण्याआधीचा युवराज. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. दिवसाला अशी शंभर नाणी हाताखालून जातात, घाईत पाकिटावर बापाचं नाव पडतं. पण त्या रात्री एक गोष्ट पक्की कळली: पाकिटावरचा मजकूर दुसऱ्या कुणाचा असतो, नाण्यावरचा मजकूर नाण्याचा असतो. तो वाचता आला की हा छंद खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि तो वाचायला लॅटिन यायलाच पाहिजे असं अजिबात नाही.

पहिले दोन महिने पैसे खर्च करू नका

नुसतं बघा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने ‘ओसीआरई’ नावाचा मोफत ऑनलाइन कोश ठेवला आहे. इसवी सनपूर्व 31 मधल्या ऑगस्टसपासून इसवी सन 491 मध्ये वारलेल्या झेनोपर्यंत चाळीस हजारांहून अधिक प्रकार त्यात आहेत, अनेकांचे फोटोही. सम्राट निवडा, धातू निवडा, आणि रोज दहा-पंधरा नाणी बघत जा. लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियममधलं नाण्यांचं दालन, ऑक्सफर्डच्या बाजूला असाल तर ॲशमोलियन. भारतात चेन्नईच्या एग्मोरमधल्या सरकारी संग्रहालयाकडे रोमन नाण्यांचा मोठा साठा आहे, कारण ही नाणी तमिळनाडूच्या मातीतूनच निघाली आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन बघा.

हत्यारं थोडकीच लागतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, एक कॅलिपर, आणि मान वाकवता येणारा टेबललॅम्प. यातला दिवा सगळ्यात महत्त्वाचा. प्रकाश वरून पाडला तर झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. तोच बाजूने, जवळजवळ आडवा पाडला की पुसट झालेलं नाव सावलीतून वर येतं.

अक्षरं लावण्याची रीत

बहुतेक नाण्यांवर मजकूर डावीकडे खालून, घड्याळात सात-आठ वाजतात तिथून सुरू होतो आणि घड्याळाच्या दिशेने फिरतो. दोन शब्दांत बहुधा जागा सोडलेली नसते. ‘यू’ हे अक्षर नाही, त्याच्या जागी ‘व्ही’. आणि सगळं लघुरूपात. जुन्या मोडी पत्रांत ‘राजमान्य राजश्री’चं ‘रा. रा.’ होतं, तसाच हा प्रकार आहे. एकदा बिरुदं ओळखीची झाली की उरतं ते नाव.

‘आयएमपी’ म्हणजे इम्पेरातोर, सेनापती आणि पुढे सम्राट. ‘सीएईएस’ म्हणजे सीझर. ‘एव्हीजी’ म्हणजे ऑगस्टस, ही सर्वोच्च पदवी. ‘पीएम’ म्हणजे महापुरोहित. ‘पीपी’ म्हणजे राष्ट्रपिता. ‘सीओएस’ म्हणजे कॉन्सल, वर्षभरासाठीचं मोठं सरकारी पद, आणि त्यापुढचा आकडा सांगतो कितव्यांदा. ‘टीआरपी’ म्हणजे ट्रिब्यूनचे, म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार. हे दरवर्षी नव्याने मिळत, त्यामुळे यापुढे आकडा असेल तर नाण्याचं वर्षच हाती लागतं. चौथ्या शतकात सुरुवातीला ‘डीएन’ दिसू लागतं, म्हणजे ‘आमचे स्वामी’, आणि शेवटी ‘पीएफ एव्हीजी’. तेवढ्यावरूनच काळ पुढे सरकल्याचं कळतं. तांब्या-पितळेच्या मोठ्या नाण्यांवर मागच्या बाजूला ठळक ‘एससी’ असतं, म्हणजे ‘सिनेटच्या ठरावाने’.

आता एक खरं वाक्य वाचू. सम्राट ट्रेजनचा एक नेहमी मिळणारा चांदीचा दिनार घ्या. दर्शनी बाजूवर असतं: आयएमपी ट्रायानो एव्हीजी जीईआर डीएसी पीएम टीआरपी सीओएस व्ही पीपी. ‘जीईआर’ म्हणजे जर्मानिकुस आणि ‘डीएसी’ म्हणजे डाकिकुस, जर्मनांवर आणि डाकियावर, म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागावर, मिळवलेल्या विजयांची बिरुदं. डाकियाचं बिरुद त्याला 102 साली मिळालं, म्हणजे नाणं त्याच्या आधीचं नाही. ‘सीओएस व्ही’ म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल. पाचवी खेप 103 ची, सहावी 112 ची. बास, नाणं 103 ते 111 या नऊ वर्षांतलं ठरलं, आणि ते तुम्ही स्वतः ठरवलंत.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा तपशील म्हणजे नावाच्या शेवटचा ‘ओ’. ट्रायानुस नाही, ट्रायानो. ही चतुर्थी आहे. मराठीत आपण ‘ट्रेजनला’ म्हणू. नाणं उलटं करा: एसपीक्यूआर ऑप्टिमो प्रिंसिपी. दोन्ही बाजू मिळून एक वाक्य होतं: सिनेट आणि रोमची जनता, सर्वोत्तम राज्यकर्त्या ट्रेजनला. पुढची बाजू मागच्या बाजूवर येऊन पूर्ण होते. विभक्तीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, नुसतं दाखवलं की पुरतं.

एक मोठा सापळा आहे तो इथेच सांगतो. मी वर सांगितलेल्या युवराजाच्या नाण्यावर सैनिकांच्या पायाखाली एक आडवी रेघ आहे, आणि रेघेखाली ‘टीआरपी’. इथे ट्रिब्यूनचा काही संबंध नाही. रेघेखालच्या त्या जागेत उत्तरकाळात टांकसाळीची खूण असते: ‘टीआर’ म्हणजे ट्रेव्हेरी, आजचं जर्मनीतलं ट्रियर, आणि ‘पी’ म्हणजे तिथला पहिला कारखाना. अक्षरं तीच, जागा बदलली की अर्थ बदलला. ‘एसएमएएनटी’ दिसलं तर अँटिऑक, ‘एएलई’ अलेक्झांड्रिया, ‘एसआयएस’ सिस्किया, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक, ‘पीएलओएन’ लंडन. सैनिकांमध्ये दोन निशाणं असतील तर नाणं 330 ते 335 मधलं. 335 नंतर आकार घटला आणि निशाण एकच उरलं.

या घराण्याची नावं वाचताना एकेक अक्षर मोजा. कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटियुस, कॉन्स्टान्स, तिघंही वेगळे. पहिल्या दोघांत फरक फक्त एका ‘एन’चा आहे, आणि नेमकं तेच अक्षर झिजलेलं असतं. अशा वेळी अंदाजाने नाव देऊ नका. ‘कॉन्स्टंटाइन घराणं’ एवढंच लिहा आणि थांबा.

अक्षरं गेलीच असतील तर चित्राकडून सुरुवात करा. हातात तराजू म्हणजे एक्विटास, न्याय्य व्यवहार. ऑलिव्हची फांदी म्हणजे पॅक्स, शांतता. नागाला भरवणारी स्त्री म्हणजे सालुस, आरोग्य. हातात फूल घेऊन झग्याचं टोक उचललेली ती स्पेस, आशा. सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असेल तर ते बहुधा दुप्पट किमतीचं नाणं. त्याच दर्जाच्या नाण्यावर सम्राज्ञीच्या खांद्यामागे चंद्रकोर येते.

धातू काय सांगतो

ऑगस्टसच्या व्यवस्थेत एका सोन्याच्या ऑरियसचे 25 दिनार, एका दिनाराचे 4 सेस्टर्टियस आणि 16 आस. दिनार जवळजवळ शुद्ध चांदीचा, वजन साधारण 3.9 ग्रॅम. 64 साली नीरोने वजनही घटवलं आणि चांदीही. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्याच्या आसपास आली. 215 साली कॅराकॅलाने किरणांच्या मुकुटाचं नवं नाणं काढलं. मोल दोन दिनारांचं मानलं जातं, चांदी मात्र दीड दिनाराइतकीच. पुढच्या पन्नास वर्षांत गॅलिएनसपर्यंत ते नाणं घसरत घसरत तांब्याच्या चकतीवर चांदीचा नुसता मुलामा देण्यापर्यंत गेलं.

हे वाचून पटतं, पण हातात घेतल्यावर पोटात कालवतं. हेड्रियनचा एक दिनार, सेव्हेरसचा एक आणि गॅलिएनसचं एक नाणं अशी तिन्ही शेजारी ठेवा. तिसरं स्वस्तात मिळतं, पहिली दोन झिजलेली घेतली तर परवडतात. महागाई म्हणजे काय आणि राज्य आतून पोकळ होतं म्हणजे काय, ते या तीन चकत्यांइतकं स्पष्ट मी कुठे पाहिलेलं नाही. नंतर कॉन्स्टंटाइनने रोमन पौंडाच्या बहात्तराव्या भागाचं, साडेचार ग्रॅमचं सॉलिडस काढलं आणि निदान सोनं तरी स्थिर झालं.

काय जमवायचं

‘सगळे सम्राट’ असं ध्येय ठेवू नका. 193 साली पर्टिनॅक्स 87 दिवस टिकला, त्याच्यानंतर बोली लावून गादी मिळवलेला डिडियस ज्युलियानस 66 दिवस. त्यांची नाणी दुर्मीळ आणि महाग. ज्युलियस सीझर ते डोमिशियन असे बारा सीझर जमवण्याची फार जुनी हौस आहे, तिथेही 69 सालचा ओथो अडतो. तीन महिन्यांची कारकीर्द, आणि रोमच्या टांकसाळीत त्याची तांब्याची नाणी पडलीच नाहीत.

माझा सल्ला असा: पहिलं नाणं चौथ्या शतकातलं छोटं तांब्याचं घ्या, टांकसाळीची खूण स्पष्ट असलेलं. दुसरं तिसऱ्या गॉर्डियनचं किरणमुकुटाचं नाणं. हा तेराव्या वर्षी, 238 साली सम्राट झाला, आणि त्याची नाणी भरपूर असल्यामुळे कमी पैशांत चांगल्या अवस्थेतलं मिळतं. तिसरा ट्रेजन किंवा अँटोनिनस पायसचा दिनार. या तीन नाण्यांनी रस्ता आपोआप ठरतो. कुणी एका टांकसाळीमागे जातो, कुणी सम्राज्ञींच्या केशरचनांमागे.

मी चेहऱ्यांमागे गेलो. गाल्बाचं आकड्यासारखं नाक. व्हेस्पेशियनचा जाड, सुरकुतलेला मानेचा भाग. त्याला देखणा दाखवण्याचा प्रयत्नच ठसा कोरणाऱ्याने केलेला नाही. हेड्रियनपासून सम्राटांना भरघोस दाढी आली. नीरोची 54 ते 68 मधली नाणी वर्षांनुसार लावली तर सोळा-सतरा वर्षांचं पोर बघता बघता दुहेरी हनुवटीचा माणूस होतं. जिवंत रोमन माणसाचं चित्र रोमच्या नाण्यावर येण्याची प्रथा ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व 44 मध्ये पाडली, आणि त्याच वर्षी त्याचा खून झाला.

कधीकधी नाणं हाच सम्राटाचा सगळ्यात मोठा पुरावा असतो. 1900 साली फ्रान्समध्ये दुसरा डोमिशियन असं नाव असलेलं एक नाणं निघालं आणि बरीच वर्षं ते बनावट समजलं गेलं. 2003 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चालग्रोव्हला सुमारे पाच हजार नाण्यांचा एक हंडा सापडला आणि त्यात त्याच माणसाचं दुसरं नाणं निघालं. 271 च्या सुमारास गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, त्याने थोडे दिवस सम्राटपद बळकावलं होतं, याला दुजोरा मिळाला. ते नाणं आता ॲशमोलियनमध्ये आहे.

आपल्याकडे आलेली नाणी

भारतात रस असेल तर दोन दिनार ओळखून ठेवा. एक ऑगस्टसचा: मागच्या बाजूला त्याचे दत्तक घेतलेले नातू गायस आणि ल्यूशियस, मध्ये ढाली आणि भाले. दुसरा टायबेरियसचा: मागे बसलेली स्त्री आणि ‘पोंटिफ मॅक्सिम’ ही अक्षरं. दोन्ही लुग्दुनुम, म्हणजे आजच्या ल्यों इथे पाडलेले, आणि दक्षिण भारतातल्या साठ्यांत हेच दोन सर्वांत जास्त सापडतात. नीरोने चांदी घटवल्यानंतरचे दिनार मात्र इथे फार कमी. आपले व्यापारी चांदी तोलून घेत होते. भारतात सापडलेल्या काही सोन्याच्या नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव असतो. नाण्यांच्या बाजारात तो दोष मानतात, पण मला त्यात नाण्याचा प्रवास दिसतो.

कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही गावं पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात नावानिशी येतात. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला; त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. नहपानाच्या त्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरं. रोमन नाणी वाचायची सवय झाली की घरच्या नाण्यांकडेही वेगळ्या नजरेने बघाल.

विकत घेताना

पहिला प्रश्न किमतीचा नको, ‘हे आधी कुणाकडे होतं?’ हा हवा. जुन्या लिलावाची नोंद, जुन्या संग्रहाची चिठ्ठी, इंग्लंडमध्ये सापडलेलं असेल तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममधला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी तिथली योजना) नोंदक्रमांक, यांतलं काहीतरी असू द्या. ब्रूटसने सीझरच्या खुनाची आठवण म्हणून पाडलेलं, दोन खंजीर आणि मध्ये टोपी असलेलं सोन्याचं नाणं 2020 साली लंडनच्या लिलावात सुमारे 42 लाख डॉलरना गेलं. त्याचा दाखवलेला इतिहास खोटा निघाला आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. इतक्या प्रसिद्ध नाण्याचं असं होतं, तर ‘आजोबांच्या संग्रहातलं’ एवढ्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. चोरून उकरलेलं नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं हे कायमचं पुसलं जातं, आणि ते नुकसान भरून येत नाही.

बनावट ओळखायला सगळ्यात आधी कड बघा. खरं नाणं दोन ठशांमध्ये हातोड्याने ठोकलेलं असतं: कड वेडीवाकडी, कधी तडकलेली, अक्षरांच्या कडा धारदार. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक फोडांसारखे खड्डे दिसतात, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, आणि कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा. वजन करा, पहिल्या शतकातला दिनार पाच ग्रॅमचा निघाला तर परत द्या. एकाच ठशाची दोन नाणी असणं स्वाभाविक आहे. पण दोन नाण्यांची चकतीही सारखी, तडाही त्याच जागी, तर त्यातलं निदान एक खोटं आहेच. मोठ्या सेस्टर्टियसांवर आणखी एक लबाडी चालते: झिजलेले केस आणि अक्षरं आधुनिक छिन्नीने पुन्हा कोरतात. भिंगाखाली केसांच्या रेघा गंजाच्या थरावरून कापत गेलेल्या दिसल्या की समजा.

तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले दिनार मात्र टाकून देऊ नका. ते रोमन काळातल्या खोटं पाडणाऱ्यांचंच काम, दोन हजार वर्षं जुनं, आणि फुटलेल्या पत्र्यातून डोकावणारं तांबं बघण्यासारखं असतं.

तुर्कस्तान किंवा इटलीत अवशेषांपाशी कुणी खिशातून नाणी काढून दाखवतो. बहुतेक खोटी असतात. खरी निघाली तर ती देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. दोन्हीकडून तोटाच.

भारतातल्या कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून भारतात घेताना परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्या. आणि परदेशात राहणाऱ्यांनो, सुट्टीत नातेवाइकांना दाखवायला म्हणून संग्रह भारतात नेऊ नका. परत नेताना विमानतळावर अडकाल. फोटो न्या. शेतात, विहिरीच्या खोदकामात काही सापडलं तर 1878 च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

जपायचं कसं

आपल्या घरात तांब्या-पितळेला चिंच लावून लख्ख करायची सवय असते. नाण्याला हे चुकूनही करू नका. तो काळा-हिरवा थर हीच त्याची त्वचा आहे. चिंच, लिंबू, पावडर लागली की एका मिनिटात सतराशे वर्षं जातात आणि खाली उघडं, खरबरीत तांबं उरतं. मातीसकट घेतलेलं नाणं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, आठवड्यांनी मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिकने माती सोडवा. घाई नको.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, नखाने उडणारी भुकटी दिसली तर ते दुखणं आहे. धातूतले क्लोराइड आणि हवेतला ओलावा मिळून नाणं आतून खातात. तसं नाणं ताबडतोब इतरांपासून वेगळं करा, डिस्टिल्ड पाण्यात बरेच दिवस भिजवा, पूर्ण वाळवा आणि कोरड्या डब्यात नजरेखाली ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने हाच खरा शत्रू, तेव्हा डबा हवाबंद आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या जूनच्या आधी बदला.

पीव्हीसीचे अल्बम वापरू नका, ते कालांतराने चिकट हिरवा थर सोडतात. पीव्हीसीविरहित पाकिटं किंवा कागदी लखोटे चांगले. नाणं नेहमी कडेला धरा, आणि खाली मऊ कापड असू द्या.

प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवा: सम्राट, मूल्य, टांकसाळ, काळ, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा पूर्ण मजकूर, ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या प्रमाण सूचिग्रंथातला खंड आणि क्रमांक, कुठून, कधी, केवढ्याला. वाचता न आलेली अक्षरं टिंबांनी दाखवा. पावती त्यातच घडी करून ठेवा. आणि आधीच्या मालकाची चिठ्ठी चुकीची असली तरी फेकू नका. माझ्या युवराजाच्या पाकिटात ‘कॉन्स्टंटाइन द ग्रेट’ लिहिलेला तो कागद अजून आहे, त्याच्यामागे माझ्या अक्षरात दुरुस्ती आणि तारीख.